‘क्लायमेट रेझिलिएंट’ चीडची रोपं: दुप्पट दर द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीच्या सीएसआर निधीतून उत्तराखंडातल्या अल्मोड्याजवळच्या एका उतारावर चीडची, म्हणजे तिथल्या पाइनची, पाच हजार रोपं लावायची आहेत. एक नर्सरी ‘क्लायमेट रेझिलिएंट’, म्हणजे बदलत्या हवामानात तग धरणारी, म्हणून दुप्पट दर सांगतेय. तो द्यावा का? आणि उरलेली रोपं बदलापूरच्या जागेवर चालतील का?

मी मुंबईत बसून अशाच लागवडींचे अहवाल तपासतो, अधूनमधून जागेवरही जातो. दराचं आधी सांगतो. नुसत्या विशेषणासाठी रुपयाही जास्त देऊ नका, ते कोणीही पाटीवर लिहू शकतं. पण बी कुठल्या झाडांचं आणि मूळ कसं वाढवलंय हे नर्सरीने दाखवलं, तर जास्त दर वाजवी आहे. त्या कामाला खरोखर खर्च येतो.

सगळ्यात आधी बियाण्याचा पत्ता विचारा. चीड हिमालयात साधारण ४५० मीटरपासून २,३०० मीटरपर्यंत वाढतो. झाड एकच, पण पायथ्याचं झाड आणि धारेवरचं झाड यांच्या सवयी वेगळ्या असतात. कोंब कधी फुटायचा, थंडी किती सोसायची, हे बऱ्याच अंशी बियाण्यातूनच येतं. आता हिशेब असा की डोंगरात हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एका अंशाची तापमानवाढ ही जवळपास दीडशे मीटर खाली उतरण्यासारखी. तुमची जागा १,६०० मीटरवर असेल, तर १,३०० ते १,४५० मीटरवरच्या निरोगी जंगलातलं बी घेण्यात अर्थ आहे. ती झाडं आजच त्या उकाड्यात जगतायत, जो तुमच्या रोपांना मोठेपणी भोगायचा आहे.

मग थेट ६०० मीटरवरचं बी का आणू नये? कारण रोपाला आधी आजचा हिवाळा काढायचा आहे. फार खालून आणलेलं रोप चांगल्या वर्षी भराभर वाढतं आणि एका उशिराच्या कडाक्याच्या थंडीत शेंड्यापासून जळतं. म्हणून मी सगळं बी एकाच ठिकाणचं घ्या असं कधीच सांगत नाही. निम्मं जागेच्या आसपासचं, निम्मं थोडं खालचं, आणि लावताना दोन्ही मिसळून. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८ पासून जंगलासाठीचं बियाणं भविष्यातल्या हवामानाशी जुळवून निवडायची पद्धत सुरू केली, तिच्यामागे हाच विचार आहे. त्याच प्रांतात सौम्य झालेल्या हिवाळ्यांमुळे साल पोखरणारे भुंगेरे मेले नाहीत आणि लॉजपोल पाइनची लाखो हेक्टर जंगलं वाळून गेली. सारख्या वयाच्या, एकाच जातीच्या झाडांचे सलग पट्टे असल्यावर भुंगेऱ्याला आणखी काय हवं?

पत्त्याबरोबर झाडांची संख्याही विचारा. बी किमान वीस-पंचवीस झाडांचं हवं, आणि तीही एकमेकांपासून पन्नास-शंभर मीटर अंतरावरची, म्हणजे सगळी भावंडं एकत्र येत नाहीत. शंकू गोळा करणारा माणूस साहजिकच रस्त्याकडेच्या, बुटक्या, फांद्याळ झाडावर चढतो, कारण ते सोपं. तुमचा जास्तीचा पैसा उंच, सरळ, निरोगी झाडांवर चढायला लावण्यासाठी आहे. चीडचं बी एप्रिल-मेमध्ये गळतं, त्यामुळे शंकू त्याआधी, फुटायच्या आत उतरवावे लागतात. नर्सरीवाला ‘बी पावसाळ्यात गोळा केलं’ म्हणाला तर फोन ठेवून द्या.

आता मूळ. अहवालातल्या जिओटॅग फोटोत रोप हिरवंगार दिसतं, मूळ दिसत नाही, आणि मरतूक बहुतेक तिथूनच सुरू होते. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल गोल फिरतं. लावल्यावरही ते तसंच गुंडाळलेलं राहतं, खोल जात नाही, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या मे महिन्यात रोप उभ्या उभ्या वाळतं. रूट ट्रेनर नावाच्या साच्यातलं रोप त्या मानाने बरं, त्यातल्या उभ्या कंगोऱ्यांमुळे मूळ सरळ खाली जातं. नर्सरीत गेलात तर कुठलीही दहा रोपं स्वतः निवडा आणि पिशवी फाडून दाखवायला सांगा. रुसले तर रुसले.

बाहेरून एक सोपी परीक्षा आहे. रोपाची उंची सेंटिमीटरमध्ये आणि बुंध्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजा, उंचीला जाडीने भागा. उत्तर सहाच्या वर गेलं तर रोप लांबुडकं आहे, सावलीत आणि खतावर वाढवलेलं. पंचवीस सेंटिमीटर उंच आणि पाच मिलिमीटर जाड रोप मला चाळीस सेंटिमीटरच्या देखण्या रोपापेक्षा कधीही चालेल. लागवडीआधीचे काही आठवडे पाणी हळूहळू कमी करून, उघड्या उन्हात ठेवून रोपं काटक केली होती का, हेही विचारा.

एक गोष्ट नर्सरीवाले विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पाइनच्या मुळांना ठरावीक बुरशींची सोबत लागते. बुरशी मातीतून पाणी आणि स्फुरद ओढून मुळाला देते, बदल्यात साखर घेते. पुएर्तो रिकोमध्ये पाइन लावायचे प्रयत्न सारखे फसत होते. १९५० च्या दशकात पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली, तेव्हा रोपं धरली. डोंगरातल्या नर्सरीत ही बुरशी आपोआप येते. रोपं खाली तराईत नुसत्या कोकोपीटवर वाढवली असतील, तर मिश्रणात जुन्या चीडवनातली मूठ-दोन मूठ माती घातली होती का, हे विचाराच.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक बोलतो. त्या उतारावर चीडच का? कोरडा, दक्षिणेकडे तोंड असलेला, आधी चीडच असलेला उतार असेल तर जरूर लावा. चीडची जाड साल आग सोसते, कोवळं रोप जळलं तरी बुडातून पुन्हा फुटू शकतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पण उत्तरेकडचा ओलसर उतार असेल, किंवा खाली गावाचा झरा असेल, तर तिथे बांज, म्हणजे तिथला ओक, अशा रुंद पानांच्या झाडांचा हक्क आधी. बांजचा पाला गुरांना चालतो, चीडचा नाही. शिवाय चीडच्या वाळलेल्या सुया, तिथे त्याला पिरूळ म्हणतात, उन्हाळ्यात पेट घ्यायला टपलेल्या असतात. २०२४ च्या जूनमध्ये अल्मोडा जिल्ह्यातच, बिनसर अभयारण्यातल्या वणव्यात वनकर्मचाऱ्यांचे जीव गेले. त्यामुळे जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, आणि पिरूळ उचलण्याची मजुरी अंदाजपत्रकात नसेल, तर रोपांचा आकडा कमी करा आणि ती घाला. आणि गावाची वनपंचायत, म्हणजे गावचं जंगल सांभाळणारी समिती, असेल तर यादी आधी तिच्यापुढे ठेवा. पाच हजारांतली दोन हजार रोपं बांज, काफळ, बुरांस अशा तिथल्या झाडांची करा असं गावातल्या बायका सांगतील, आणि माझ्या मते त्यांचं ऐकावं.

बदलापूरला मात्र चीड नको. महाराष्ट्रात पाइन नैसर्गिकरीत्या कुठेच नाही, आणि आपला चार महिन्यांचा धो धो पाऊस, उबदार रात्री त्याला मानवणाऱ्या नाहीत. ‘अलिबागला सुरूचं झाड वाढतं, मग पाइन का नाही?’ असं मला हमखास विचारतात. सुरू पाइनच्या कुळातला नाहीच, त्याच्या त्या ‘सुया’ म्हणजे बारीक हिरव्या काड्या आहेत. तुमच्या जागेवर माती बरी असेल तिथे किंजळ, बेहडा, जांभूळ लावा, कातळाजवळ ऐन, मोई, पळस. आणि बियाण्याचा पत्ता इथेही विचारा.

उरलेली चीडची रोपं अल्मोड्यालाच ठेवा. मोठ्या पिशवीत बदलून घेतली तर पुढच्या पावसाळ्यात मेलेल्या रोपांच्या जागा भरायला उपयोगी पडतील. नर्सरीशी करार करताना जास्तीचा दर एकदम देऊ नका. साधा दर रोपं उतरवून घेताना द्या आणि वरची रक्कम दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, जगलेली रोपं जागेवर मोजून. ज्याला आपल्या बियाण्याची खात्री आहे तो या अटीवर घासाघीस करेल, पण सही करेल.