वाचकांचे प्रश्न : जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील बदल आणि घराजवळची भटकंती

जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स गाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांपैकी कोणालाही शर्यतीत उतरायचे नाही किंवा देश पालथा घालायचा नाही. सुट्टीच्या दिवशी निघून त्याच दिवशी घरी परतायचे, एवढीच सर्वांची अपेक्षा आहे, आणि उत्तरेही तेवढ्याच मर्यादेत दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे 1969 सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश दोन आसनी गाडी) आहे. इंजिन मूळचेच आहे. पिकअप वाढवण्यासाठी एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) काढून वेबर कंपनीचा एकच मोठा कार्ब्युरेटर, रेसिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि मोकळा सायलेन्सर बसवावा असा विचार आहे. सुरुवात कशापासून करावी? गाडी फक्त सुट्टीच्या दिवशी, घरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात, वळणांच्या रस्त्यावर चालते.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण गाडीत काय बदलावे हे ती कुठे आणि कशी चालणार आहे यावरूनच ठरवायला हवे. अशा रस्त्यावर एमजीबीचे इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला 2000 ते 4000 फेऱ्यांच्या दरम्यानच फिरते. 1798 घनसेंटिमीटरच्या या इंजिनाची सुमारे 95 अश्वशक्ती 5400 फेऱ्यांच्या आसपास मिळते खरी, पण त्याचा खरा गुण 3000 फेऱ्यांच्या सुमारास मिळणारा जोर हा आहे, आणि गिअर न बदलता चढ चढून जाण्याची ताकद तिथूनच येते. रेसिंगचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे ठेवतो. त्यामुळे वरच्या फेऱ्यांत फायदा होतो, पण खालचा जोर घटतो आणि गाडी उभी असताना इंजिन अडखळत चालते. म्हणजे आपण ज्या फेऱ्यांत गाडी चालवता तिथला जोर काढून, जिथे कधी जात नाही तिथे नेऊन ठेवायचा. वेबर कार्ब्युरेटर दिसायला आणि ऐकायला देखणा असतो, हे मान्य. मात्र त्याचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) आपल्या इंजिनाला नेमके जुळवले नाहीत तर पेट्रोल जास्त आणि पिकअप कमी अशी गत होते, आणि ते जुळवू शकणारे मेकॅनिक आता थोडेच उरले आहेत.

म्हणून आधी मूळचे एसयू कार्ब्युरेटर खरोखर नीट लावलेले आहेत का ते पाहावे. सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) फट, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (ठरलेली फट) बरोबर झाल्यावरच कार्ब्युरेटरला हात लावावा, नाहीतर इग्निशनचा दोष आपण मिक्श्चरच्या (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाच्या) स्क्रूने झाकत बसतो. इंजिन पूर्ण गरम करून, दोन्ही कार्ब्युरेटरमधून हवा सारखीच ओढली जाते याची खात्री करावी. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून ऐकले, तरी दोन्ही फुसफुशींतला फरक कळतो. त्यानंतर प्रत्येक कार्ब्युरेटरच्या बाजूची छोटी पिन बोटाने जेमतेम वर दाबावी, म्हणजे आतला पिस्टन मिलिमीटरभर उचलला जाईल. इंजिनाच्या फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर मिक्श्चरमध्ये पेट्रोल जास्त आहे, आणि इंजिन लगेच बंद पडू लागले तर कमी आहे. फेऱ्या क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाल्या की जुळणी बरोबर समजावी. वरच्या टोपणाखालील डॅम्परमध्ये हलके ऑइल आहे ना, हेही पाहावे, कारण ते संपले की ॲक्सलरेटर दाबताच गाडी गचका खाते आणि मालक नवा कार्ब्युरेटर शोधू लागतो.

मूळचा एअर फिल्टर काढून उघडा, चकचकीत फिल्टर लावण्याची हौस अनेकांना असते. मूळ फिल्टरच्या खोक्यात हवा वळत वळत आत जावी म्हणून गोलसर ओठांचे तोंड दिलेले आहे. ते तोंड न राखता केवळ फिल्टर बदलला, तर आवाज वाढतो आणि पळण्यात काही फरक पडत नाही.

पुढचा खर्च ब्रेक आणि टायरवर व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने रबरी ब्रेक होज बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगून त्यांची वाट अरुंद होते. मग पायाच्या दाबाने ऑइल चाकापर्यंत जाते, पण पाय उचलल्यावर सहज परत येत नाही, आणि त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो. फेरीवरून परतल्यावर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, तळहात नेऊन पाहावा. पुढची चाके मागच्यांपेक्षा गरम असणारच, पण उजव्या-डाव्या चाकात ठळक फरक जाणवला तर दोष तिथे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडी कितीही कमी चालली तरी ते दर दोन वर्षांनी बदलावे. डॉट 4 आणि सिलिकॉनचे डॉट 5 या दोन प्रतींचे ब्रेक ऑइल एकमेकांत कधीही मिसळू नये. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. 2319 असे असतील तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी झिजत नाही आणि रबर मात्र कडक होते, त्यामुळे नक्षी पाहून समाधान मानू नये. दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी काढून टाकावा.

एवढे झाल्यावर ठरावीक चाळीस-पन्नास किलोमीटरचा एक रस्ता निवडा, ज्यात चढ, उतार, तीव्र वळणे आणि थोडा सरळ पट्टा असेल. एका वेळी एकच बदल करून त्याच रस्त्यावर जाऊन या. कुठल्या चढावर कोणता गिअर लागतो आणि कुठल्या वळणाआधी ब्रेक किती दाबावा लागतो हे अंगवळणी पडलेले असल्यामुळे, बदलाचा परिणाम लगेच कळतो. तीन बदल एकदम केले की सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने, हे सांगता येत नाही. घराजवळ भटकणाऱ्याला मिळणारा हा मोठा फायदा आहे, आणि लांबच्या प्रवासाच्या नादात तो बहुतेक जण गमावतात. हे सारे करूनही जोर कमी वाटला तर मोकळा सायलेन्सर बसवायला हरकत नाही. कॅमशाफ्टचा विचार शेवटी करावा. तोवर तो मनातून निघून गेलेला असेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी व्यवस्थित चालते, पण वाटेत पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा सुरू केली की मिसिंग करते आणि कधी कधी सुरूच होत नाही. थोड्या वेळाने आपोआप ठीक होते. पेट्रोलचा पंप बदलला, तरी फरक नाही. गाडी याच जातीची आहे.

उत्तर : पंप निर्दोष असावा. या इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, आणि कार्ब्युरेटर थेट त्या तापलेल्या लोखंडाच्या सान्निध्यात बसतात. गाडी चालू असताना पंखा, वारा आणि सतत येणारे थंड पेट्रोल यांमुळे काही होत नाही. इंजिन बंद करताच हे सर्व थांबते, बॉनेटखालची उष्णता वर चढते आणि फ्लोट चेंबरमधील (कार्ब्युरेटरला जोडलेल्या छोट्या टाकीतील) पेट्रोलची वाफ होऊ लागते. कार्ब्युरेटरच्या मागे उष्णता अडवणारा मूळचा पत्रा जागेवर आहे का आणि त्यावरचे अस्तर शिल्लक आहे का, हे प्रथम पाहावे, कारण आधीच्या मालकांनी तो पत्रा काढून टाकलेला अनेकदा आढळतो. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला चिकटून जात असेल तर ती दूर वळवून घ्यावी. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल लवकर उकळते आणि जुन्या रबरालाही सोसत नाही, म्हणून नळ्या त्या पेट्रोलला चालतील अशाच घ्याव्यात. तोवर, थांबल्यावर बॉनेट थोडा वेळ उघडे ठेवणे आणि पुन्हा सुरू करताना चोक न ओढणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

प्रश्न : माझी एमजीबी 1965 सालची आहे. हेडलाइट फार मंद आहेत. एलईडी बल्ब लावावेत का? शिवाय मोबाइल चार्ज करण्यासाठी सॉकेटही हवे आहे.

उत्तर : आपल्या गाडीला बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले आहे; यालाच अर्थिंग म्हणतात. 1967 नंतरच्या गाड्यांमध्ये ते निगेटिव्ह झाले. बाजारातील बहुतेक एलईडी बल्ब, चार्जर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन निगेटिव्ह अर्थिंग गृहीत धरून बनवलेले असतात, त्यामुळे ते आपल्या गाडीत चालणार नाहीत किंवा जळतील. अर्थिंग उलटे करता येते. त्यासाठी बॅटरीची आणि इग्निशन कॉइलची टोके बदलणे, डायनॅमोच्या चुंबकत्वाची दिशा उलटवणे आणि आरपीएम मीटरमध्ये आतून बदल करणे ही कामे करावी लागतात. एका चार्जरसाठी एवढा खटाटोप मला योग्य वाटत नाही. भरलेली पॉवर बँक खिशात ठेवली की दिवसभराचे काम भागते.

हेडलाइटचे मात्र जरूर करावे. मूळ रचनेत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि पन्नासहून अधिक वर्षे जुन्या तारांतून जातो, आणि वाटेतच बरेचसे व्होल्टेज खर्ची पडते. दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवून, फ्यूजसह जाड तार थेट दिव्यांपर्यंत न्यावी, म्हणजे साधे हॅलोजन बल्बही चांगला उजेड देतात आणि स्विचही तापत नाही. रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसावा, एवढे पाहून घ्यावे. डायनॅमोची क्षमता सुमारे 22 अँपिअर एवढीच असल्याने गाडी उभी असताना दिवे थोडे मंदावणारच. सीटमागच्या फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्यांना जोडणाऱ्या केबलची टोके एकदा उघडून घासून घ्या. रात्री परतताना दिवे अचानक गेल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

प्रश्न : माझ्या ट्रायम्फ स्पिटफायरला (1967) मागे नवे पाटे (पानांची स्प्रिंग) बसवले. तेव्हापासून मागचा भाग उंच दिसतो आणि वळणात ॲक्सलरेटर सोडला की गाडी मागून निसटते. रुंद टायर लावल्याने हे थांबेल का?

उत्तर : रुंद टायर लावू नका. स्पिटफायरच्या मागच्या दोन्ही चाकांना मिळून वर एकच आडवे पाटे असतात, आणि चाकाचा ॲक्सल डिफरन्शियलपाशीच (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीपाशीच) वाकतो. वळणात अचानक ॲक्सलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक खालून आत दुमडते आणि त्याचा रस्त्याशी असलेला संपर्क कमी होतो. टायरची पकड जितकी जास्त, तितके हे उचलणे जोरात होते. आपल्या गाडीत नव्या पाट्यांमुळे मागचा भाग आधीच उंच आहे, म्हणजे चाक दुमडण्याच्या वाटेवर निम्मे पोहोचलेलेच आहे. पाटे थोडे बसेपर्यंत काही आठवडे जातील. त्यानंतर दोन माणसे बसवून आणि टाकी अर्धी भरून मागून पाहावे. चाके उभी किंवा वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असावीत. वरच्या बाजूने बाहेर झुकलेली असतील तर डिफरन्शियल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी खाली घेता येते, मात्र त्यासाठी लांब स्टड लागतात. 1970 साली आलेल्या मार्क 4 मॉडेलमध्ये कंपनीने पाट्यांची रचनाच बदलली. बहुतेक पाने मध्यभागी घट्ट न आवळता झुलती ठेवली आणि हा दोष बराच आटोक्यात आला. तसे पाटे जुन्या गाडीतही बसवता येतात, पण त्यासोबत पुढचा अँटिरोल बारही (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) जाड लागतो. तोवर वेग वळणाआधीच कमी करावा आणि वळणात ॲक्सलरेटर हलका पण स्थिर ठेवावा.

प्रश्न : बदल केल्याने गाडीचे मोल घटते का?

उत्तर : परत फिरवता येण्याजोगे बदल केले तर सहसा नाही. पत्रा कापू नका, नवी भोके पाडू नका, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. बदलांची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी.

प्रश्न : जवळच्या फेऱ्यांनी इंजिनाचे नुकसान होते असे ऐकतो. किती अंतर योग्य? आणि सोबत काय ठेवावे?

उत्तर : पाच-सात किलोमीटर जाऊन परत येण्याने नुकसान होते, हे खरे आहे. तापमानाचा काटा लवकर वर येतो, पण तो पाण्याचे तापमान दाखवतो. ऑइल गरम व्हायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. ते पुरेसे तापले नाही तर त्यात साचलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि सायलेन्सरही आतून गंजतो. निदान अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालेल अशी फेरी ठरवावी. गाडी जागेवर उभी ठेवून तापवत बसू नये. चोक शक्य तितक्या लवकर आत ढकलून, सुरुवातीची काही मिनिटे कमी रेसवर सावकाश चालवावे. किलोमीटर कितीही कमी झाले तरी ऑइल वर्षातून एकदा बदलावे. ते 20डब्ल्यू-50 प्रतीचे (ही ऑइलच्या दाटपणाची खूण) आणि पुरेसे झिंक असलेले घ्यावे, कारण या इंजिनांचे कॅमशाफ्ट आणि टॅपेट (त्यावर टेकून व्हॉल्व्ह हलवणारे भाग) एकमेकांवर घासत चालतात.

सोबत फॅन बेल्ट, सीबी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फ्यूज, रेडिएटरच्या नळीसाठी क्लिप, थोडी तार आणि पाणी असावे. कंडेन्सर आणि रोटर पूर्वी वापरून चांगला ठरलेलाच ठेवावा, कारण हल्लीच्या नव्या मालात काही नग पहिल्याच दिवशी दगा देतात. तारांची चाके असतील तर मधल्या नटासाठी तांब्याचा हातोडा लागेल, आणि चाक काढून बसवल्यानंतर पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून तो नट पुन्हा ठोकून पाहावा.