पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घ्यावी का?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शिकतो. दिवाळीला साताऱ्याला जाण्यासाठी एका परिचितांनी आपली खासगी मोटार दिवसाच्या भाड्याने देऊ केली आहे. ती घ्यावी का?

उत्तर : माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली मोटार खासगी वापरासाठी नोंदलेली असते. ती भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि मग दुरुस्तीचा, प्रसंगी उपचारांचा सारा भार तुमच्या पालकांवर पडतो. स्वतः चालवायची भाड्याची मोटार काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते, तर चालकासह मिळणारी टॅक्सी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची असते. तुमच्यापैकी ज्याच्याकडे पक्का परवाना आणि महामार्गावरचा सराव आहे, त्यानेच काळ्या पाटीची मोटार घ्यावी. घेण्यापूर्वी विम्याची मुदत पाहावी, करारातील अनामत रकमेची आणि नुकसानभरपाईची कलमे वाचावीत व गाडीवरील जुन्या ओरखड्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. सराव नसेल, तर खंबाटकी घाटाचा वाहता रस्ता शिकण्याची जागा नव्हे. अशा वेळी चालकासह टॅक्सी चौघांत वाटून घ्यावी. एकटेच जाणार असाल, तर मात्र स्वारगेटहून सुटणारी एसटी मला सर्वांत सोयीची वाटते, कारण विद्यापीठातून शिवाजीनगर गाठले की तेथून स्वारगेटपर्यंत मेट्रोही आहे.