हर्षद कोण?

सोलापूरच्या एका वाचकांनी विचारलंय : "मुलाला शिकवणीत सांगितलं की आपला पिन, ४१३००१, हा 'हर्षद अंक' आहे. हे हर्षद कोण? आणि शब्द बरोबर आहे का?"

आधी तो 'अंक' खोडा. अंक दहाच, ० ते ९. ते मांडून होते ती संख्या. 'सहा अंकी अंक' हे हल्ली शिकवणीपासून बातम्यांपर्यंत ऐकू येतं आणि दर वेळी डोकं फिरतं.

आता हर्षद. हे कुणाचंही नाव नव्हे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलेली ही संज्ञा : हर्ष + द, आनंद देणारी. हा 'द' म्हणजे 'दा' धातू, देणे. सुखद, वरद, धनद यांतला. जलद म्हणजे पाणी देणारा, अर्थात ढग. 'जलद गाडी'तला जलद मात्र फारसी 'जल्द'! ढग वेगाने पळतात म्हणून गाडी जलद, असं सांगणारे संस्कृताभिमानी अजून भेटतात. त्यांनी एकदा फारसी कोश उघडावा. दोन भाषांतून आलेले दोन शब्द मराठीत एकाच रूपात सुखाने नांदतात, यापरती गंमत कोणती?

संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग गेला की ती हर्षद. माझं ठाम मत असं, की कापरेकरांनी हा 'द' विचारपूर्वक जोडला. पूर्ण भाग जाणं म्हणजे बाकी शून्य. हातचं काहीही न राखता सगळं देऊन टाकणं. म्हणून 'आनंदी संख्या' हा अनुवाद मला खपत नाही. त्यात देणं हरवतं. शिवाय आनंदी संख्यांचा प्रकारच निराळा, तिथे अंकांच्या वर्गांची बेरीज करत करत १ गाठायचा असतो.

तुमचा पिन : ४+१+३+०+०+१ = ९, आणि ९ × ४५८८९ = ४१३००१. हर्षद खरी, पण बेरीज ९ आली की ९ने भाग जातोच, कसोटीच ती. खरा मान सोलापुरातल्याच ४१३००४ला. बेरीज १२, तिच्यामुळे ३ची सोय झाली, पण शेवटी ०४ आहे म्हणून ४नेही भाग गेला. १२ × ३४४१७. मधले ४१३००२ आणि ४१३००३ दोन्ही नापास.

इंग्रजी पुस्तकांत यांनाच आयव्हन निव्हेन यांच्यावरून 'निव्हेन संख्या' म्हणतात. निव्हेन मोठे गणिती, वाद नाही. पण मराठीत लिहिणाऱ्याने देवळालीचा शब्द टाकून ते नाव उचलावं, हे मला अजिबात मान्य नाही. कापरेकरांची जगप्रसिद्ध ६१७४ घ्या. चार अंक, सगळे सारखे नसलेले, उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहिलं की जिथे पोचतो ती. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४. हर्षदच!