पटावर नाव आणि वर्गात लेकरू : पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

जूनच्या मध्याला शाळा उघडल्या की माझ्याकडे पालकांची विचारणा सुरू होते. कुणी चिठ्ठी पाठवतं, कुणी फोन करतं, कुणी आठवडी बाजारात गाठतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत 32 वर्षं काढली, त्यातली शेवटची काही केंद्रप्रमुख म्हणून. म्हणून लोक हक्कानं विचारतात आणि मलाही ते बरं वाटतं. यंदाचे सहा प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो, परत यायला चैत्र उजाडतो. थोरला तिसरीत, धाकटी पहिलीत. मागच्या साली सर म्हणाले, इतके दिवस गैरहजर राहिली तर नावं कमी करावी लागतील. काय करावं? – एक आई, धारूर तालुका

ताई, आधी ती भीती मनातून काढा. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये हे लिहिलेलं आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून तो कायदा लागू आहे. हजेरीपटावर गैरहजेरी लागेल, नाव मात्र राहील.

पण नुसतं नाव राहून भागत नाही. सहा महिने लेकरू फडात राहिलं की वाचलेलं विसरतं आणि परत आल्यावर मागच्या ओळीत जाऊन बसतं. वर्गात मुकं होत गेलेली अशी पोरं मी पाहिली आहेत. म्हणून तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, त्यांतली एक निघण्याआधी धरा.

पहिली वाट हंगामी वसतिगृहाची. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात, त्यांच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते आणि शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. ते आपोआप सुरू होत नाही. गावातली किती मुलं स्थलांतर करणार याची यादी करून शाळेला आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. गाडी भरायच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतलीत की त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा आणि तुमच्या वस्तीवरच्या दोन-चार घरांनाही सोबत न्या. एकट्यादुकट्यानं मागणी केली तर ती मागे पडते.

दुसरी वाट, लेकरं सोबतच न्यायची असतील तर, शिक्षण हमी कार्डाची. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय काय येतं, हे त्यावर शाळा लिहून देते. कारखान्यावर पोचलात की पहिल्याच आठवड्यात ते घेऊन जवळच्या शाळेत जा. कार्ड नसलं तरी जा. एका कारखान्याच्या तळावर आमच्या भागातला तिसरीतला मुलगा मला भेटला होता. कोपीच्या, म्हणजे तळावरच्या झोपडीच्या, तट्ट्यात त्यानं मराठीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोचून ठेवलं होतं. पाणी लागू नये म्हणून पिशवीला सुतळीच्या दोन गाठी मारलेल्या. शाळा तिथून पायी पंधरा मिनिटांवर होती, पण आई-बापाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिथल्या मुख्याध्यापकांनी त्याच दुपारी त्याला वर्गात बसवलं, कागद नंतर मागवले. कायद्याला हेच अपेक्षित आहे : वर्ष सुरू होऊन गेलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

माझं मत विचाराल तर टोळी कर्नाटकात जाणार असेल तेव्हा वसतिगृहाचाच आग्रह धरा. तिथली शाळा कानडी; पहिलीतली पोर तिथे नुसती बसून राहील.

प्रश्न : मुलाला दोन वर्षं इंग्रजी शाळेत घातलं. पाऊस गेला, सोयाबीन गेलं, फी थकली. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचंय, तर जुनी शाळा बाकी भरल्याशिवाय टीसी देत नाही आणि नवी शाळा टीसी मागते. – जिंतूर तालुक्यातले एक वडील

भाऊ, इथे कायदा अगदी स्पष्ट तुमच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा. तो यायला उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही आणि नाकारताही येत नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

थकलेली फी बुडवा असं मी सांगत नाही. तो तुमचा आणि संस्थेचा व्यवहार आहे, हप्ते पाडून घ्या. पण त्या व्यवहारात लेकरू ओलीस राहता कामा नये. दाखल्यासाठी साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा. एक शाळेला द्या आणि दुसरीवर सही, शिक्का, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे नोकरीभर पाहत आलो. पोच द्यायला नकार आला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याची झेरॉक्स जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. आणि ते सगळं होईपर्यंत मुलाला उद्यापासून गावच्या शाळेत पाठवा. नव्या मुख्याध्यापकांना जन्मदाखला दाखवा. ऑनलाइन पोर्टलवर मुलाचं नाव जुन्या शाळेतून नव्या शाळेकडे मागवायचं काम त्यांचं आहे.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही, नुसतं आई-वडिलांचं आहे. शाळेत घरचं लाडाचं नाव लागलंय आणि आधारवर तिसरंच. पुढे त्रास होईल का? – औसा तालुका

होईल. म्हणून आत्ताच हात घाला, चौथी ही अगदी योग्य वेळ आहे.

क्रम चुकवू नका. आधी जन्मदाखला, मग शाळा, शेवटी आधार. लोक नेमकं उलट करतात. आधार केंद्र बाजारपेठेत असतं, सोपं वाटतं, म्हणून आधी तिथे जातात आणि चुकीचं नाव आणखी एका कागदावर पक्कं करून येतात. जन्माची नोंद झाल्यापासून 15 वर्षांपर्यंत त्या नोंदीत मुलाचं नाव घालता येतं. जन्म जिथे नोंदला त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा दवाखान्याच्या नोंदणी कार्यालयात अर्ज करा. नाव एकदाच घातलं जातं, तेव्हा घरात बसून काना-मात्रा ठरवून, कागदावर लिहून न्या.

मग तो दाखला जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे दाखल-खारीजमध्ये, मुख्याध्यापकांना स्वतःच्या मनानं खाडाखोड करता येत नाही. त्यांना शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवून मंजुरी घ्यावी लागते आणि मगच आदेशाचा क्रमांक टाकून दुरुस्ती होते. मूल त्या शाळेत शिकत असतानाच हे करायचं. शाळा सोडल्यावर ही वाट फार अवघड होते.

या रजिस्टरमधली एक ओळ किती लांब जाते ते सांगतो. आमच्या भागातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं उघडा, पानभर जन्मतारीख एकच दिसेल : 1 जून. आई-बापाला तारीख आठवायची नाही, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी अंदाजानं लिहून टाकायचे. ती माणसं त्याच तारखेनं नोकरीला लागली आणि त्याच तारखेनं निवृत्त झाली. जातीच्या दाखल्याचंही तसंच. पडताळणीला अनुसूचित जातींना 1950 च्या, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या आणि इतर मागासवर्गीयांना 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि बहुतेकांचा तो पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेतली नोंद. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या काळच्या कितीतरी नोंदी उर्दूत आहेत आणि वाचणारा शोधत लोक वणवण फिरतात. तुमच्या मुलीच्या नातवंडांना आज लिहिलेली ओळ लागणार आहे. म्हणून प्रवेशाच्या दिवशी रजिस्टर समोर मागा, नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, पोटजात सगळं मोठ्यानं वाचून घ्या आणि मग सही करा. अंगठा असेल तर ज्याला वाचता येतं असं घरातलं माणूस सोबत न्या.

आधारसाठी एक लक्षात ठेवा : पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते. तुमच्या मुलीची राहिली असेल तर नाव दुरुस्त करायला जाल तेव्हाच ती उरकून घ्या.

प्रश्न : नात ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांची होणार. यंदा पहिलीत घेतील का? – सेलू

घेतील. आपल्या राज्यात पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षातल्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. मात्र पोर अंगणवाडीत रमलेली असेल आणि अजून रडून दप्तर टाकून देत असेल, तर एक वर्ष थांबण्यात काही बिघडत नाही. घाई शेजारच्या घराकडे पाहून होते, लेकराकडे पाहून होत नाही.

प्रश्न : आठवीपर्यंत नापास करत नाहीत असं ऐकलं होतं. आता पाचवीच्या पोराला सर म्हणतात, परीक्षा पास व्हावीच लागेल. खरं काय? – कळमनुरी तालुका

दोन्ही खरं आहे, फक्त काळ वेगळा. केंद्रानं 2019 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात बदल केला आणि राज्यानं 2023 मध्ये नियम आणले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे आणि प्रत्येक विषयात 35 टक्के गुण लागतात. कमी पडले तर मुलाला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही नाही जमलं तर तो त्याच वर्गात राहतो. शाळेतून काढलं मात्र जात नाही. आठवीपर्यंतच्या बाकीच्या इयत्तांत पूर्वीसारखंच, मूल पुढच्या वर्गात जातं.

भाऊ, फेरपरीक्षेची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गशिक्षकांना एकच प्रश्न विचारा : ‘याला वजाबाकी हातच्याची येते का, आणि धडा न अडखळता वाचतो का?’ उत्तर नाही असेल तर शाळेनंच वेळ काढून शिकवायला हवं. तुमच्या मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकानं खासगी शिकवणी घेणं कायद्यानं बंद आहे, तेव्हा ‘घरी पाठवा, शिकवणी लावू’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

याच पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की पाढे आले नाहीत म्हणून पोराला पट्टीनं मारलं आणि अंगठे धरून उभं केलं. ते ओझरतं सोडू नका. कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. ‘सर, तुम्हीच सुधारा याला, हाडं आमची कातडं तुमचं’ हे आपल्याकडे बाप मोठ्या विश्वासानं म्हणायचे. मीही तरुणपणी ते ऐकून हात उचललेला आहे आणि त्यातल्या एका मुलानं महिनाभर माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. त्याला पाढे आलेच नाहीत, फक्त माझी भीती आली. आधी शिक्षकांशी शांतपणे बोला. पुन्हा घडलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, तरीही थांबलं नाही तर गटशिक्षणाधिकारी. जखम झाली असेल तर पायऱ्या मोजत बसू नका, 1098 या चाइल्डलाइनला फोन करा. तो फुकट लागतो.

प्रश्न : पोरगा आणि सून कारखान्यावर. नातवंडं माझ्यापाशी. शाळेत खिचडी कधी कच्ची, कधी नुसता भात. मी अडाणी बाई, मला कोण इचारतंय? – एक आजी, वडवणी तालुका

आजी, तुम्हाला विचारावंच लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. कायद्यात ‘आई-वडील किंवा पालक’ असं आहे, आणि आज त्या लेकरांच्या पालक तुम्ही आहात. समितीत नसलात तरी शाळेत जाऊन पाहायला तुम्हाला कुणाची परवानगी नको.

पहिली ते पाचवीच्या एका लेकरामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल ठरलेलं आहे. पन्नास पोरं जेवायला असतील तर त्या दिवशी भांड्यात एक किलो डाळ पडायला पाहिजे. तुम्ही आयुष्यभर चुलीपुढे बसलात, डाळ किती पडली हे वरणाकडे पाहून तुम्हाला सांगता येईल, कागदाची गरज नाही. वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. एखाद्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला जा आणि म्हणा, आज चव मी घेते. स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर रागावू नका, तिला तुटपुंज्या मानधनात हे सगळं करावं लागतं. कच्ची खिचडी बहुतेक वेळा जळण नाही तर सिलिंडर संपल्यामुळे होते. काय कमी पडतंय ते तिला विचारा, मुख्याध्यापकांच्या कानावर घाला आणि समितीच्या पुढच्या बैठकीत तेच सगळ्यांसमोर बोला. मिनिटबुकात लिहून घ्यायला सांगा, आणि लिहिलेलं नातवाकडून वाचून घ्या.