पापणीवरची गाठ आणि न पाठवलेला तुकडा

साताऱ्याहून एका वाचकाने विचारलंय: आईचा 2019 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा उपचार पूर्ण झाला. गेल्या वर्षी वरच्या पापणीवर गाठ आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रांजणवाडी म्हणून दोनदा चिरा दिला, तपासणीला काहीच पाठवलं नाही. आठ महिन्यांनी दुसरीकडे बायोप्सी झाली, तेव्हा जुनाच कर्करोग पापणीत पसरल्याचं कळलं. केस होईल का?

आईंच्या उपचारात एका दिवसाचाही खाडा न पडता हे करायचंय, ते आधी सांगते.

कर्करोग दुसरीकडून पापणीत येणं फार दुर्मिळ. येतो तेव्हा बायकांमध्ये बहुधा स्तनातून, आणि दिसतो हुबेहूब रांजणवाडीसारखा. म्हणून पहिल्या भेटीत निदान चुकलं, एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते झालं का, हीच कसोटी. तुमची बाजू उभी राहते ती दुसऱ्या चिऱ्यावर. गाठ त्याच जागी परत आली, पेशंटला आधी कर्करोग झालेला. त्या वेळी काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जायलाच हवा होता.

पण डॉक्टरांना जुना आजार माहीत होता का? पहिला केसपेपर शोधा. कोपऱ्यात 'के/सी/ओ सीए ब्रेस्ट' (म्हणजे आधी स्तनाचा कर्करोग झालेला पेशंट) असं घाईत खरडलेलं सापडलं, तर सगळं वजन त्या ओळीत आहे. ते नसेल आणि तुम्हीही सांगितलं नसेल, तर मी केस करा म्हणणार नाही.

कागद लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार ते 72 तासांत द्यावे लागतात. आठ महिन्यांच्या उशिराने काय बिघडलं, हे कर्करोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. रोग आधीच पसरलेला होता, हाच समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा असेल.

तक्रार सातारा जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. डॉक्टरांना दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत बायोप्सीपासून मोजली जाईल, या भरवशावर थांबू नका. ऑपरेशननंतरचं दुखणं नऊ वर्षं गोळ्यांवर काढलेल्या बाईंची तक्रार 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरवली, पोटातून ऑपरेशनवेळी राहिलेला गॉज (पट्टीचं कापड) निघूनही. पोलिसांत जाऊ नका. फौजदारीला लागणारी घोर हयगय इथे दिसत नाही.

तक्रारदार आई आहेत, तुम्ही नाही. कागद त्यांना सावकाश वाचून दाखवा, मगच सही घ्या. त्या नको म्हणाल्या, तर तिथेच थांबा.