वाचकांचे प्रश्न : डोक्यावर छत असलेले पाणी

प्रश्न : गेल्या डिसेंबरात गोव्याच्या ग्रँड आयलंड बेटाजवळ प्रशिक्षकासोबत पहिल्यांदा स्कुबा डायव्हिंग केले. पुढील वर्षी मेक्सिकोला जाण्याचा योग आहे. तेथील युकातान भागातल्या सेनोटे नावाच्या जलमय गुहांत उतरण्यासाठीची तयारी गोव्यात करता येईल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : अर्धी करता येईल. मात्र प्रशिक्षकाने सिलिंडरला धरून अर्धा तास फिरवून आणले, याला डायव्हिंग शिकणे म्हणत नाहीत. आधी ओपन वॉटर आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड हे अभ्यासक्रम पावसाळा संपल्यावर येथे पूर्ण करावेत. गुहामुखाचा, म्हणजे कॅव्हर्नचा अभ्यासक्रम त्यानंतरचा असून, तो खऱ्या गुहेतच शिकावा लागतो.

समुद्रात काही बिनसले तर हळूहळू वर येता येते. गुहेत वर छत असल्यामुळे आधी आडवे बाहेर यावे लागते, आणि सारे नियम यातूनच निघाले आहेत. बाहेरचा सूर्यप्रकाश सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की तुम्ही कॅव्हर्न सोडून गुहेत शिरलात, जिचे प्रशिक्षण वेगळे आहे. हवेचा एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक परतीसाठी आणि एक अडचणीसाठी. सिलिंडरमध्ये 200 बार (हवेच्या दाबाचे एकक) असतील तर तृतीयांश खालच्या बाजूने 60 धरावा आणि तेवढे वापरून 140 वर मागे वळावे. जोडीदाराची हवा लवकर संपत असेल, तर त्याच्या आकड्यावर वळावे. प्रत्येकाजवळ किमान तीन टॉर्च असावेत.

तळाशी साचलेला बारीक गाळ हा मोठा शत्रू. फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्यासारख्या पंखाचा, एक वेडावाकडा फटका बसला की क्षणात हात दिसेनासा होतो, आणि मग गुहेबाहेरून बांधत आणलेली अखंड दोरी हाच रस्ता उरतो. अंगठा व तर्जनी यांचे कडे दोरीभोवती सैल ठेवून, ती न ओढता बाहेर यायचे असते. याचा सराव जमिनीवरही करतात : कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, चार-पाच पोफळींना दोरी गुंडाळा, डोळे बांधा आणि चाला. पहिल्या वळणावरच दोरी सुटते, हे मी स्वतःवरून सांगतो.

ग्रँड आयलंडजवळचे पाणी अनेकदा गढूळ असते, म्हणून तेथे अंधाराची सवय झाली असे समजू नये. वर छत नसते. तेथे शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे तळापासून हातभर वर, हात न मारता, आडवे तरंगत राहणे आणि बेडकासारखे पाय मारणे. हे दहा मिनिटे गाळ न उडवता जमेपर्यंत मेक्सिकोचे आरक्षण करू नये.