प्रश्न तुमचे : कॉफीची बाग, सावली आणि हिशेब

प्रश्न : आमच्या सोसायटीतली तीसेक घरं कॉफी एकत्र मागवतात. आता कर्नाटकातल्या कोडगूच्या एका लहान बागायतदाराकडून अरेबिका जातीची कॉफी थेट घ्यायचं ठरतंय. तो विचारतो, ‘चेरी घेणार की पार्चमेंट?’ दर कशावर ठरवावा? पैसे त्याच्याच हातात पडावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे. (एक वाचक, दादर)

उत्तर : पार्चमेंटवर ठरवा. कॉफीच्या व्यापारात ‘चेरी’ म्हणजे ताजं फळ नव्हे, तर सालासकट वाळवलेलं फळ. पार्चमेंट म्हणजे गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली, पातळ टरफलातली बी. तिच्यात मेहनत जास्त आणि भावही जास्त. १०० किलो पिकलेल्या फळांतून साधारण २० किलो पार्चमेंट मिळतं. गिरणीत टरफल उतरलं की १६ किलो बी राहते आणि भाजल्यावर साडेतेरा किलोच्या आसपास. म्हणजे तुमच्या एक किलो पावडरीमागे जवळपास साडेसात किलो फळं हातानं तोडलेली असतात.

खरी अडचण तोडणीत आहे. एकाच फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी फळं एकत्र असतात. फक्त लाल तोडायची तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं आणि दर फेरीची मजुरी द्यावी लागते. हातात रोकड नसली की शेतकरी एकाच फेरीत फांदी ओरबाडून घेतो. हिरवं फळ पल्परमध्ये, म्हणजे गर काढायच्या यंत्रात, नीट सोललं जात नाही, बी कापली जाते, कपात तुरटपणा उतरतो आणि भाव पडतो. म्हणून ऑक्टोबरातच, तोडणीआधी, ठरलेल्या रकमेचा काही भाग आगाऊ द्या. सगळे पैसे माल मुंबईत पोचल्यावर देणार असाल, तर दर कितीही चांगला असो, ओढाताण त्याचीच होते.

त्याला हे जरूर विचारा : फळं तोडल्याच दिवशी पल्परला जातात का? रात्रभर पोत्यात राहिली तर ती तापतात आणि आंबूस वास बीला कायमचा चिकटतो. आंबवण किती तास? थंडीत २४ ते ३६ तास लागतात, पण घड्याळापेक्षा हाताची परीक्षा खरी : मूठभर बी पाण्यात चोळल्यावर बुळबुळीतपणा जाऊन खड्यांसारखी खरखर लागली, की लगेच धुवायचं. वाळवण चटईवर किंवा जाळीच्या मांडवावर हवं, उघड्या मातीवर नको. थर पातळ, दिवसभर वरचेवर परतायचं आणि रात्री झाकायचं. सात ते दहा दिवसांत पाण्याचं प्रमाण १० टक्क्यांवर येतं. ओलसर माल भरला तर बुरशी येते, फार सुकवला तर गिरणीत बी फुटते. आणि सांडपाणी ओढ्यात सोडत नाही ना, तेही विचारा. साल शेणाबरोबर कुजवली की बागेलाच खत होतं.

प्रश्न : चिकमगळूरजवळ सासऱ्यांची तीन एकर अरेबिका आहे. उत्पन्न वाढावं म्हणून दोन वर्षांपूर्वी सावलीची झाडं तोडून बाग मोकळी केली. आता पानं पिवळी पडताहेत, खोडावर वळ उठलेत, काही झाडं वाळली. काय करावं? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : लक्षणं पांढऱ्या खोडकिड्याची आहेत. त्याची मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते आणि तिला उन्हातलं, तापलेलं खोड आवडतं. अळी आधी सालीखाली पोखरते, मग लाकडात शिरते. खोडावरचे वळ म्हणजे तिचीच वाट. सावली गेली तिथेच घात झाला.

किडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोन हंगामांत बाहेर पडतात. त्याआधी, मार्च आणि सप्टेंबरात, प्रत्येक झाड तपासा. वळ दिसलं ते झाड मुळासकट उपटून जाळा. कापून बांधावर टाकलेल्या लाकडातूनही किडे निघतात, ही चूक फार जण करतात. उरलेल्या झाडांच्या मुख्य खोडाची सुटी साल काथ्यानं किंवा गोणपाटानं घासून काढा. आतल्या हिरव्या सालीला इजा नको. मग २०० लिटर पाण्यात २० किलो चुना कालवून खोडावर मारा. हेक्टरी २५ कामगंध सापळे (किड्यांना वासानं ओढून पकडणारे) लावा.

हे सगळं करूनही सावली परत आली नाही तर त्रास परत येणार. जूनमध्ये पाऊस लागला की पांगाऱ्याचे दोन मीटरचे खुंट रोवा. वरच्या मजल्याला फणस आणि उंबर-वडाच्या जातीतली झाडं ठेवा. नुसत्या सिल्व्हर ओकच्या रांगांची सावली विरळ पडते, पण मिरीचा वेल चढवायला तो चांगला. कॉफीचा भाव पडेल त्या वर्षी मिरी हात देते. बाळेहोन्नूरला कॉफी बोर्डाचं १९२५ पासूनचं संशोधन केंद्र आहे. तिथे नेऊन खोडाचा तुकडा दाखवायला सांगा.

प्रश्न : पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) लिहिलेली असते, ती भेसळ का? (एक वाचक, माटुंगा)

उत्तर : नाही. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं, असा नियम आहे. फिल्टर कॉफीचा दाटपणा बराचसा चिकोरीचाच. मात्र शेतकऱ्याला किती जातं याचा हिशेब करताना चिकोरीचं वजन वजा करा.

प्रश्न : संगमेश्वरला गावची अडीच एकर जांभ्याची जमीन पडून आहे. कॉफी लावू का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : अरेबिका नकोच, तिला साधारण १००० मीटरच्या वरची थंड हवा लागते. कॉफीची दुसरी जात, रोबस्टा, कमी उंचीवर येते, पण फुलोऱ्यासाठी तिला फेब्रुवारी-मार्चमध्ये इंच-दीड इंच पाऊस हवा आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एक सर. कोडगूत तो वळवाचा मिळतो, तुमच्याकडे नाही. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर. मार्चमध्ये तुमची विहीर एवढं पाणी देते का, ते आधी मोजा. देत नसेल तर कोकम लावा, आणि परसात थोडं पाणी असेल तर सुपारीवर मिरी चढवा.